परवडणे

गेल्या मे महिन्यात माझ्या मुलीचा पुण्याहून फोन आला. तिचा मुलगा जूनमध्ये शाळेत जायचा होता. शाळा खाजगी, इंग्रजी माध्यमाची. फीचा आकडा तिने सांगितला तेव्हा मी तो दोनदा विचारून घेतला. कारण धाटावच्या कारखान्यात लागल्यानंतरचा माझा पहिल्या चार वर्षांचा पगार एकत्र केला असता तरी तेवढा भरला नसता. पण मुलीची अडचण केवळ फीची नव्हती. शाळा साडेअकराला सुटते. नंतर मूल कोणाकडे ठेवायचे? पाळणाघराचे पैसे, व्हॅनचे पैसे वजा केले तर तिच्या पगारातले फारसे काही हाती उरत नाही. नोकरी सोडून घरी राहावे, तर जावयांच्या एकट्याच्या पगारात ती फी झेपेल का? असे सगळे सांगून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुमच्या एकट्याच्या पगारात आपल्याला कसं परवडलं होतं?"

हा प्रश्न ऐकून मला बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे. निवृत्त माणसाला आपल्या काटकसरीविषयी कोणी विचारणे दुर्मिळच. मी जमाखर्चाच्या जुन्या वह्या अजून जपून ठेवल्या आहेत. "हिशेब ठेवला की परवडतं," असे मी मोठ्या तोऱ्यात सांगितले आणि वह्या काढून तिला सगळे लिहून पाठवतो, असेही कबूल केले. फोन ठेवला तेव्हा पत्नी आतून कोकमाच्या बरणीला दादरा बांधत बाहेर आली होती. ती म्हणाली, "तिला म्हणावं, परवडलं कोणाला, ते आधी विचार."

ती रागाने बोलली नव्हती. रागाने बोलली असती तर मी विसरूनही गेलो असतो.

धाटाव हे गाव रोह्याला अगदी लागून, कुंडलिकेच्या काठी. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटलेले पाणी या नदीत येते, म्हणून कोकणातल्या इतर नद्या वैशाखात खडक दाखवू लागल्या तरी ही वाहती असते. या पाण्यामुळेच इथे औद्योगिक वसाहत आली आणि भातखाचरांच्या जागी रसायनांचे कारखाने उभे राहिले. मी १९८९ साली इथे एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो आणि २०२१ साली निवृत्त झालो. तीन पाळ्यांचे काम. रात्रपाळीहून सकाळी घरी यावे तर कपड्यांना वास. पत्नी ते वेगळ्या बादलीत भिजत घालीत असे. लग्न १९९३ साली झाले. ती डी. एड. झालेली होती.

परवडणे हा शब्द मी इथे आल्यावर प्रथम नीट ऐकला. माझ्याबरोबर कामाला असणाऱ्या निम्म्या मंडळींची थोडीफार शेती होती, आणि ज्याला विचारावे तो म्हणे, "भात परवडत नाय." मग करता कशाला, असे विचारले की हसत. हिशेब मांडायला बसले की बियाणे, खत, नांगरटीचे भाडे, लावणीच्या मजुरांचे पैसे असे सगळे सांगत. पण घरच्या बाईने चार महिने चिखलात काढले, म्हाताऱ्याने राखण केली, त्याची मजुरी कोणी सांगत नसे. ती धरली तर भात फारच परवडत नाही. आणि ती धरायची नाही म्हणून तर ते पिढ्यान्पिढ्या परवडत आले. पुढे मला कळले की सरकार हमीभाव ठरवते तेव्हा शेतीमूल्य आयोग उत्पादनखर्च दोन-तीन प्रकारांनी काढतो, आणि त्यांतल्या एका प्रकारात रोख खर्चावर कुटुंबाच्या श्रमाची किंमत धरलेली असते. २०१८ सालच्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाची घोषणा झाली, ती याच खर्चाच्या आधारावर. म्हणजे बाई शेतात वाकली तर तिच्या श्रमाला निदान कागदावर एक रकाना आहे. तीच बाई संध्याकाळी घरात मुलाचा अभ्यास घ्यायला बसली की रकाना संपतो.

माझ्या वह्यांतही तो रकाना नव्हता.

मुलगी १९९५ सालची. १९९९ साली तिला रोह्यातल्या एका इंग्रजी शाळेत घालायचे ठरले. मी ठरवले, असे म्हणणे अधिक खरे. गावात जिल्हा परिषदेची मराठी शाळा होती, हाकेच्या अंतरावर. तिथे का नको, याचे मला त्या वेळी उत्तर देता आले असते आणि आजही देता येईल. कारखान्यात साहेब इंग्रजीत बोलत, आणि मी मराठीत विचार करून मग त्याचे इंग्रजी करीत असे. या अर्ध्या मिनिटाच्या अंतरात माझी दोन बढत्यांची संधी गेली, अशी माझी समजूत आहे. ते अंतर मुलीच्या वाट्याला येऊ नये, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. तिला कोणी पाप म्हणणार नाही.

प्रवेशासाठी आईबापांची मुलाखत होती. आज कायद्याने तशी मुलाखत घेता येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाची किंवा पालकांची अशी चाळणी लावायला बंदी केली. तेव्हा ती सर्रास चाले. मी माझ्या पगाराचा दाखला, बी. एस्सी.चे प्रमाणपत्र असे सगळे घेऊन गेलो होतो. बाईंनी ते बाजूला ठेवले आणि विचारले, "आई घरीच असते ना?" असते म्हटल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला. त्या वेळी मला हा प्रश्न आपुलकीचा वाटला. त्याचा अर्थ कळायला दोन वर्षे गेली.

अर्थ असा होता की शाळा फीच्या मोबदल्यात जे देत होती, ते निम्मेच होते. उरलेले निम्मे घरी पुरे व्हायचे होते. रोज मुलीच्या वहीतून इंग्रजीत लिहिलेली सूचना येई: अमुक पान पाठ करून घ्या, तमुक वस्तू पुठ्ठ्याची करून पाठवा, शुक्रवारी अकरा वाजता सभेला या. शुक्रवारी अकरा वाजता कोण मोकळे असते? माझी पत्नी स्वतः मराठी शाळेत शिकलेली. तिने दुपारी मुलीची पुस्तके शब्दकोश घेऊन आधी स्वतः वाचली, आणि मग संध्याकाळी मुलीला शिकवली. पहिली ते दहावी ही सगळी इंग्रजी पुस्तके त्या घरात दोघींनी वाचली. प्रगतिपुस्तक एकीला मिळाले. गणवेश घरी शिवला जाई. रिक्षाचे पैसे वाचावेत म्हणून कोरड्या दिवसांत ती मुलीला चालत सोडून येई. शेजारच्या एक बाई कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांड्यांच्या कामाला जात. त्यांची दोन मुले गावच्या शाळेत होती, तीही आमच्या पडवीत अभ्यासाला बसत. त्यांच्याकडून पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्या मुलांच्या शाळेकडे पाहून एक गोष्ट मात्र मला पुष्कळ उशिरा सुचली. गावच्या शाळेने आई घरी आहे असे गृहीत धरलेले नव्हते. आई शेतावर किंवा कामावर असणार, हे धरूनच तिथले गुरुजी जे काय शिकवायचे ते घंटा ते घंटा शिकवीत. ते पुरेसे होते की नाही हा वेगळा मुद्दा. पण जे होते ते पुरे होते, त्याचा अर्धा भाग कोणाच्या घरावर ढकललेला नव्हता.

सर्वसाधारण समजूत अशी की आई घरी राहिली तर एका पगारात खाजगी शाळा परवडणे कठीण. माझा अनुभव उलटा आहे. कोणीतरी घरी राहिल्याशिवाय ती शाळा चालतच नाही. पंचवीस टक्के राखीव जागांतून कातकरीवाडीतले एखादे मूल अशा शाळेत जाते, त्याची फी सरकार भरते. पण शुक्रवारी अकरा वाजता यायची आई सरकार देत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

२००१ सालच्या जूनमध्ये पत्नीला शिक्षणसेवकाच्या नेमणुकीचा आदेश आला. सुधागड तालुक्यातली एक वाडी, दोन शिक्षकांची शाळा. ही शिक्षणसेवकांची योजना आदल्याच वर्षी सुरू झाली होती: तीन वर्षे महिना ३,००० रुपये मानधन, काम समाधानकारक असेल तर पुढे नियमित वेतनश्रेणी. रोज ये-जा करण्याजोगी जागा ती नव्हती. रात्री जेवणे झाल्यावर मी वही घेऊन बसलो. तो कागद अजून वहीत आहे. तिथली खोली ५०० रुपये, तिचा वेगळा जेवणखर्च ९००, दर आठवड्याच्या एसटीचे ३००, मुलीला सांभाळायला बाई ८००, माझा डबा ४००. एकूण २,९००. खाली रेघ मारून मी शिल्लक लिहिली: १००. आणि तिला म्हणालो, "शंभर रुपयांसाठी घर मोडायचं का?"

तिने कागद पाहिला, आणि नाही म्हणाली. बेरीज बरोबर होती.

ती बेरीज मी गेल्या काही महिन्यांत अनेक वेळा तपासली. आकड्यांत चूक नाही. पण त्या हिशेबात मी दोन गोष्टी केल्या होत्या, आणि त्या अजाणता केल्या असे म्हणायला मन धजत नाही. पहिली म्हणजे मी हिशेब एका वर्षाचाच मांडला. आदेशात तीन वर्षांनंतरची वेतनश्रेणी स्पष्ट लिहिली होती. ती ओळ मी वाचली होती. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नोकरीत असलेल्यांना पुढे जुने निवृत्तिवेतन मिळणार, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, तेवढे मी सोडून देतो. आज मला भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतून जे निवृत्तिवेतन मिळते, त्यात महिन्याचे वाणसामान कसेबसे येते. तिला काहीच मिळत नाही. त्या ओळीपर्यंत हिशेब नेला असता तर शिल्लक शंभर राहिली नसती. पण मला ती शंभरच हवी होती.

दुसरी गोष्ट अधिक वाईट. मुलीला सांभाळणाऱ्या बाईचे ८०० आणि माझ्या डब्याचे ४०० मी तिच्या ३,००० मधून वजा केले. का? मुलगी दोघांची होती. डबा तर माझा एकट्याचा. माझा पगार त्या वेळी ५,२०० होता, पण मी कामावर जातो म्हणून कोणाला तरी घरी राहावे लागते, त्याचा खर्च माझ्या पगारातून वजा करावा, असे मला सुचले नाही. तिलाही सुचले नाही. आमच्या ओळखीत कोणाला सुचले असेल असे वाटत नाही. बापाची नोकरी नेहमी आधीपासून असतेच, डोंगरासारखी. आईच्या नोकरीला आपले भाडे स्वतः भरावे लागते. अंकगणित निर्मळ असते, असे शाळेत शिकवतात. कोणती रक्कम कोणाच्या नावाखाली वजा करायची, हे अंकगणित सांगत नाही. ते आधीच ठरलेले असते आणि पेन्सिल नंतर हातात येते.

याच २००१ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल पुढे माझ्या वाचनात आला. १९८९ साली जमशेदपूरला पोलाद कारखान्याच्या समारंभात मांडवाला आग लागली होती. बायका आणि मुले त्यात मोठ्या संख्येने गेली. नोकरी न करणाऱ्या गृहिणीची भरपाई कशी काढायची, हा प्रश्न आला. आधी तिच्या कामाचे मोल वर्षाला दहा-बारा हजार धरले होते. ते न्यायालयाला फारच कमी वाटले आणि मध्यम वयाच्या गृहिणीसाठी महिना ३,००० रुपये धरावेत असे ठरले. रसायनांच्या गावात राहणाऱ्या माणसाला आगीची बातमी परकी वाटत नाही. पण मी थबकलो तो आकड्यापाशी. सरकारने वाडीवर शिकवायला येणाऱ्या माझ्या पत्नीचे मोल ३,००० धरले होते, आणि न्यायालयाने घरात राहणाऱ्या बाईचेही ३,००० च धरले. फरक एवढाच की दुसरी रक्कम हिशेबात यायला ती आगीत जावी लागली.

रोह्याचे नाव अर्थकारणाशी निगडित आहे, याचा आम्हां इथल्या लोकांना अभिमान. चिंतामणराव देशमुख आमचे. राष्ट्रीय उत्पन्न समितीचा अंतिम अहवाल १९५४ साली आला तेव्हा तेच देशाचे अर्थमंत्री होते. महालनोबिसांच्या अध्यक्षतेखालच्या त्या समितीत आपले धनंजयराव गाडगीळही होते. एवढ्या थोर माणसांनी देशाच्या उत्पन्नाची बेरीज केली, पण जगभराच्या रिवाजाप्रमाणे घरच्या बाईचे काम त्या बेरजेबाहेर राहिले. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने त्याच्याही आधी ही विसंगती दाखवून ठेवली होती: गृहस्थाने आपल्या पगारी घरकामाच्या बाईशी लग्न केले की राष्ट्राचे उत्पन्न घटते. माझी पत्नी वाडीवर जाऊन दुसऱ्यांच्या मुलांना शिकवती आणि आमच्या मुलीला दुसरी बाई सांभाळती, तर राष्ट्राचे उत्पन्न दोन ठिकाणी वाढले असते. ती घरी राहिली, आणि राष्ट्राच्या लेखी काहीच घडले नाही. २०१९ साली सरकारनेच लोकांच्या वेळेची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, आणि जे पुरुष ते करतात ते ९७ मिनिटे. मी त्या सत्त्याण्णवांतही बसत नाही. मी वह्या लिहीत होतो.

हे सगळे मी पत्नीला सांगितले. आपण फार मोठा त्याग केलास, असेही म्हणालो. तिने डोळ्यांवरचा चष्मा काढला. "त्याग म्हणू नका. त्याग म्हटलं की तुमची सुटका होते."

हे मला लागले, कारण आमच्या पिढीला त्याग या शब्दाची सवय आहे. 'श्यामची आई' वाचून न रडलेले मराठी घर मिळणे कठीण. रडून झाल्यावर पुस्तक फळीवर जाते आणि आपण ताट वाढायची वाट पाहत बसतो. भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांना उपाशी राहावे लागू नये म्हणून आपले दागिने मोडले, मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. १९३० साली त्या गेल्या. दागिन्यांची हकीकत राहिली, कारण सोन्याला वजन असते. त्याआधी आणि त्यानंतर रोज किती मुलांच्या भाकऱ्या थापल्या, त्याची हकीकत होत नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी सरकारला सुनावले होते की महसूल येतो रयतेच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. हे वाक्य मी सभांतून टाळ्या पडताना ऐकले आहे. माझ्या दोन खोल्यांच्या घरातही शिक्षणाचा खर्च कोणाच्या घामातून आणि शिक्षण कोणाचे, असा प्रश्न त्याला लावून पाहावा, हे मात्र कधी मनात आले नाही.

तरी पत्नीची बाजू मी पूर्ण तक्रारीची करून सांगितली तर तेही खोटे होईल. ती म्हणते, मुलीबरोबर काढलेल्या दुपारी तिला कोणी परत घ्या म्हटले तर ती देणार नाही. पडवीतल्या त्या दोन मुलांपैकी एक आज नर्स आहे. भाऊबीजेला येते आणि हक्काने चकल्या घेऊन जाते. "पण मला विचारलं असतंत," ती म्हणाली, "तर मी कदाचित हेच केलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत, हिशेब दाखवलात." विचारणे आणि हिशेब दाखवणे यांतला फरक मला पंचवीस वर्षांनी समजावून घ्यावा लागत आहे.

आणि ती वाडी. हे मी कोणाशी बोललेलो नाही. एक प्रशिक्षित शिक्षिका त्या शाळेला मिळायची होती, ती आम्ही आमच्या एका मुलीसाठी घरी ठेवून घेतली. त्या जागेवर पुढे कोण गेले, लगेच गेले की जागा काही वर्षे रिकामी राहिली, हे मी कधीही विचारले नाही. पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला आम्ही अनेकदा गेलो. वाडीचा फाटा त्या वाटेपासून फार दूर नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांचा दर्जा घसरला, असे मी निवृत्त मंडळींच्या बैठकीत ठामपणे बोलत आलो आहे. आता बोलताना जीभ अडखळते.

मुलीला मी कबूल केल्याप्रमाणे हिशेब लिहून पाठवला. मात्र जुना नव्हे. नव्याने मांडला, दहा वर्षांचा. शाळा, व्हॅन, पाळणाघर हे सगळे दोन्ही पगारांच्या बेरजेतून वजा केले. पत्नीने तो वाचून एक दुरुस्ती सुचवली: गावच्या, म्हणजे तिच्या घराजवळच्या महापालिकेच्या शाळेचा रकानाही घाला, तिला पाहू द्या तरी. मी घातला.

तो कागद पोचल्यावर आठ दिवसांनी मी फोन केला. जावईबापूंनी उचलला. माणूस चांगला, मुलाला आंघोळ घालतो, रविवारी स्वयंपाक करतो, आमच्या पिढीपेक्षा शंभर पटींनी बरा. ते म्हणाले, "कागद पाहिला बाबा, फार छान मांडलंय. तिला म्हटलं, तू नीट विचार कर, तुला जमेल तसं. माझी काही सक्ती नाही."

मी विचारले, "आणि तुमचं काय ठरतंय?"

"माझं?" ते खरोखरच गोंधळले. "माझं काय ठरायचंय?"

मला पुढे बोलता येईना. पत्नी शेजारीच उभी होती. मी फोन तिच्या हातात दिला.